धृपद कोण म्हणणार

टाळ्या वाजल्या तेव्हा तिला आधी वाटलं, बाहेर कुणीतरी गाडीतून पत्रे उतरवतंय. मग पहिल्या रांगेतल्या मुकादमाचे हात हलताना दिसले, त्याच्या मागचे दिसले, आणि बघता बघता सगळं कँटीन टाळ्या वाजवायला लागलं. चामडं कापणारे, तळ चिकटवणारे, शिलाईच्या बायका, खोकी बांधणारे. वर्षअखेरीला हा बुटांचा कारखाना बंद होणार, हे तिने त्यांना आत्ताच सांगितलं होतं. तुमची नोकरी जाणार, असं सांगितलं होतं, आणि ते टाळ्या वाजवत होते. मनापासून. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. ती हात जोडून उभी राहिली, कारण हात जोडायची सवय होती, आणि थोडीशी हसलीसुद्धा. चेहऱ्याचं काम चेहरा करत होता. पण नजर चौथ्या रांगेत अडकली होती. तिथे शिलाईतली ती बाई बसली होती, जिला सगळा विभाग वहिनी म्हणतो. तिचा नवरा त्याच मशीनवर काम करायचा, त्याच्या माघारी ती बसायला लागली, म्हणून वहिनी. तर ती वहिनी टाळ्या वाजवत नव्हती. बोटाला गुंडाळलेली चिकटपट्टी अंगठ्याच्या नखाने सोलत बसली होती. तिचं तोंड नुकतंच मिटलेलं होतं. नुकतं मिटलेलं तोंड ओळखू येतं, ओठ अजून एकमेकांना नीट सापडलेले नसतात.

भाषणात एक जागा होती. “मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. नव्या वर्षात हे फाटक उघडणार नाही,” असं म्हणून थांबायचं. वाक्य लोकांच्या पोटात उतरेपर्यंत थांबायचं आणि मग आवाज खाली आणून पुढचं सुरू करायचं. ही जागा तिने घरी आरशासमोर घोटली होती, गाडीत सिग्नलला उभी असताना घोटली होती. सकाळी ती तिथे थांबली, तर अशी काही सामसूम झाली की पंख्याची करकर ऐकू यायला लागली. आणि त्या सामसुमीत वहिनीने मान वर केली. “मॅडम, मग...” एवढंच म्हणाली. मोठ्याने नाही, घरात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विचारावं तसं. तिने ते ऐकलं. वहिनीकडे बघून मान हलवली, प्रेमाने, समजूतदारपणे, आणि पुढचं वाक्य सुरू केलं. थांबायचं तेवढं थांबून झालं होतं. पुढचं वाक्य ओठांवर आलेलं होतं, आणि ते फार चांगलं वाक्य होतं.

“मॅडम, टाळ्या!” मोठे साहेब जिन्यात गाठून म्हणाले. ते मागे दाराशी उभे राहून सगळं बघत होते. रात्रभर झोप नसावी, डोळे सुजलेले होते, पण आता चेहऱ्यावर परीक्षा पास झालेल्या मुलाचा आनंद होता. “मला वाटलं होतं खुर्च्या फेकतील. मी ड्रायव्हरला गाडी मागच्या बाजूला लावायला सांगितली होती, खरं सांगतो. आणि तुम्ही काय केलंत, तर टाळ्या! बंद होण्याच्या बातमीवर टाळ्या! हे कसं जमतं हो तुम्हाला?”

“माझे सासरे कीर्तनकार होते,” ती म्हणाली. हे ती नेहमीच सांगायची. लोकांना आवडायचं.

“वा. म्हणजे रक्तातच आहे.”

“सासरे म्हटलं मी.”

“हां, हां,” ते हसले. “बरं, दुपारी दुसऱ्या पाळीला हेच, जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे करू नका. आणि ते प्रश्नबिश्न सभेत नकोतच. ज्याला विचारायचंय त्याने ऑफिसात यावं, एकेकट्याने. चारचौघांत एक उठला की दहा उठतात, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही. तुमच्याही राहणार नाही.” शेवटचं वाक्य त्यांनी गोडच म्हटलं. तिलाही घर होतं, घराचे हप्ते होते, आणि नव्या वर्षात ऑफिसातली जी मोजकी टेबलं शिल्लक राहणार होती त्यातलं एक तिचं होतं. हे दोघांनाही माहीत असल्यामुळे बोलायची गरज नव्हती.

ती आपल्या खोलीत येऊन बसली. काचेवर तळ चिकटवायच्या सरसाचा तो नेहमीचा गोडसर वास चिकटलेला होता. नव्या माणसाचं त्या वासाने डोकं दुखतं आणि जुन्याला तो सुटीच्या दिवशी आठवतो. टेबलावर तिचाच फोटो असलेलं पत्रक पडलेलं. अधिकाऱ्यांसाठी ती जे वर्ग घ्यायची त्यांचं. ‘रंगमंचाकडून कार्यालयाकडे’, आणि खाली, ‘श्रोत्यांना जिंकण्याची कला’. जिंकण्याची. हा शब्द छापखान्याने घातला की तिने, ते तिला आता आठवेना. त्या वर्गात ती सांगायची की बोलायला उभं राहिलात की आधी शेवटच्या रांगेकडे बघा, पुढचे लोक तुमचेच आहेत. उशिरा येणारा बसेपर्यंत महत्त्वाचं बोलू नका. रडवायचं असेल तर आधी हसवा. आवाज चढवायच्या ऐवजी उतरवून बघा, लोक पुढे झुकतात. अधिकारी माना डोलवायचे, लिहून घ्यायचे. यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. सगळं सासऱ्यांचं, बुवांचं होतं. घरातसुद्धा त्यांना सगळे बुवाच म्हणायचे, बायको होती तोवर तीही म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी मुलगी होती की दुकानात राहिलेले सुटे पैसेही न मागता परत यायची. बुवांनी तिला कधी शिकवायला बसवलं नाही. ते आपले खोलीत फेऱ्या मारत आख्यान लावायचे, आणि ती भाजी निवडता निवडता ऐकायची. मधेच थांबून विचारायचे, “सूनबाई, इथे जरा लांबलं का गं?” तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं काही विचारलं होतं. ती म्हणायची, “थोडंसं.” आणि बुवा खरंच कापायचे. देवाच्या गोष्टीतला भाग, पिढ्यान् पिढ्या सांगत आलेला, तिच्या एका शब्दावर कापायचे. “गोष्ट देवाची, पण कान तुझे,” म्हणायचे, “कानापुढे देवाचंही चालत नाही.”

सगळं घेतलं तिने त्यांच्याकडून. हसवणं घेतलं, थांबणं घेतलं, हात कधी वर न्यायचा आणि कधी खाली ठेवायचा ते घेतलं. एक गोष्ट तेवढी राहिली. राहिली म्हणजे तिनेच ठेवली, ऑफिसात असल्या गोष्टीला वेळ कुठे असतो म्हणून. धृपद. बुवा पद म्हणताना धृपदाशी, म्हणजे त्या परत परत येणाऱ्या ओळीशी आले की गप्प व्हायचे. ती ओळ ते स्वतः म्हणायचेच नाहीत. ती लोकांची. चिपळ्या छातीशी धरून उभे राहायचे, आणि लोकांतून कुणीतरी ती उचलेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत. पेटीवाला कासावीस व्हायचा, सूर धरून धरून भाता मारत बसायचा. एकदा एका नव्या ठिकाणी, शाळेच्या सभागृहात, कुणी उचललंच नाही. माणसं नवी, एकमेकांना न ओळखणारी, गळा काढायला लाजणारी. बुवा उभे. पेटीवाल्याने डोळ्यांनी विनवलं. बुवा उभेच. ती बायकांत बसली होती, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ओळ तिला पाठ होती, घरी शंभरदा ऐकलेली. ओठापर्यंत आली, आणि तिथेच बसली. शेजारणीच्या पदराची किनार बघत ती मनात म्हणत होती, देवा, कुणीतरी म्हणा रे. आपण म्हणावं हे तिच्या मनातही आलं नाही. शेवटी अगदी मागून एका म्हाताऱ्याने आवाज लावला. आवाज कसला, दाराची बिजागरी. सूर इकडे, शब्द तिकडे. पण त्याच्यामागून दुसरा उठला, तिसरी उठली, आणि मग ते सभागृह असं काही गायला लागलं की पोरं झोपेतून दचकून जागी झाली. परत येताना ती म्हणाली होती, “पण बुवा, ते आजोबा सुरात नव्हते.” बुवा रस्त्यातच थांबून हसले. “सुरात मी होतो की. माझा सूर ऐकायला देव कशाला येईल गं? रोजच ऐकतो बिचारा.”

आता बुवांना आवाज नाही. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून नुसती कुजबुज उरली आहे, वाळक्या पानावर पाय पडावा तशी. त्यांचं शेवटचं कीर्तन तिने ऐकलं नाही. नवरा सांगतो की मधेच त्यांचा आवाज गेला. ओढून ओढून बघितला, येईना. तर लोकांनी धृपद धरलं ते सोडलंच नाही. पुढची कडवीही त्यांनीच म्हटली, ज्यांना येत होती त्यांनी. बुवा नुसते मधे उभे, चिपळ्या छातीशी, चेहऱ्यावर असं हसू की जणू कुणी त्यांना उचलून घेतलंय. ती त्या दिवशी परगावी होती. एका हॉटेलच्या गारेगार खोलीत ती अधिकाऱ्यांना आवाज उतरवून बोलायला शिकवत होती, बुवांचं उदाहरण देऊन. सुटी मिळाली असती. मागितली नाही. कीर्तन काय, पुढच्या महिन्यात परत आहेच, असं वाटलं होतं.

आणि काल संध्याकाळी तिने हे भाषण त्यांनाच म्हणून दाखवलं. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. सगळं ऐकलं. डोळे मिटून ऐकलं, मान किंचित डोलत होती, आणि तिला लहान मुलीसारखा आनंद झाला. “चांगलं झालंय,” ते कुजबुजले. मग थोड्या वेळाने, “फार चांगलं झालंय गं.” मग अजून थोड्या वेळाने, शालीचा धागा ओढत, “धृपद कोण म्हणणार?” ती हसली. म्हातारपणी जुन्या शब्दांत जीव रमतो, म्हणून हसली. “बुवा, हे ऑफिस आहे,” म्हणाली, आणि त्यांच्या गोळ्या काढायला आत गेली.

“मॅडम, मग...” मग काय? ती उठली. मग आमच्या मशीनचं काय? मग दुसऱ्या गावच्या कारखान्यात शिलाईवाल्यांना घेणार म्हणतात ते खरं का? घेणार होते. काहींना. साहेबांच्या खोलीत ते ठरत होतं, आणि कुणी विचारलं तर सांगायचं नाही असंही ठरलं होतं. ज्यांना विचारायचं सुचेल ते येतील ऑफिसात, एकेकटे. बाकीचे येणार नाहीत, त्यांना आपल्याच घरी बसवून ठेवायला टाळ्या पुरे होत्या. हे इतकं स्वच्छ तिला आत्तापर्यंत दिसलं नव्हतं. किंवा दिसलं होतं, पण भाषण घोटताना माणूस भाषणाकडे बघतो.

ती शिलाई विभागात गेली तेव्हा मशिनी बंद होत्या. एकीच्या सुईखाली बुटाचा अर्धा शिवलेला वरचा भाग तसाच होता, दोरा लोंबत. पहिल्या पाळीला आज लवकर सोडलं होतं, हीही साहेबांचीच हुशारी, रेंगाळायला वेळ नको. एक ठेंगणी, बोलक्या डोळ्यांची बाई मागे राहून डबा धूत होती.

“अगंबाई, मॅडम तुम्ही?” तिने हात पुसले. “काय बोललात हो! मला तर रडूच आलं. आमचे हे गेले तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते मी. अर्थात ते गेले म्हणजे दुसरीकडेच गेले,” आणि स्वतःच खुसखुसली.

“वहिनी कुठेय?”

“ती गेली की. पहिल्याच बसने. फाटकाशी थांबलीसुद्धा नाही, एरवी माझ्या आधी कधी निघत नाही.”

“तिला काहीतरी विचारायचं होतं. सभेत.”

“तिला रोजच विचारायचं असतं काहीतरी,” ठेंगणी म्हणाली, आणि मग तिचा आवाज जरा बदलला. “मी विचारलं तिला बाहेर. काय गं, काय म्हणत होतीस? तर म्हणते, राहू दे, आता काय, टाळ्या वाजल्या ना.” डब्याचं झाकण तिने दोनदा लावून काढलं. “मी पण वाजवल्या हो मॅडम. हात आपोआपच... तुम्ही बोललातच असं.”

वहिनीच्या मशीनच्या फळीवर चिकटपट्टीची रिकामी रिळं एकात एक रचून ठेवली होती, लहान पोराने मनोरा करावा तशी. तिने त्यांना हात लावला नाही. परत जिना चढताना तिला भाषणातलं ते चांगलं वाक्य आठवलं, वहिनीच्या ‘मग’वर तिने जे ठेवलं होतं ते. “कारखाना भिंतींचा नसतो, माणसांचा असतो, आणि माणसं बंद होत नाहीत.” सकाळी ते म्हणताना तिच्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता. आता ते वाक्य तोंडात असं फिरत होतं, जसा खडा.

तिने घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला आणि नुसता श्वास ऐकू आला.

“बुवा, मी बोलतेय.”

“हं.”

“टाळ्या वाजल्या.”

श्वास थांबला, परत सुरू झाला. “अरे देवा,” बुवा कुजबुजले. आणि मग, “नशीबवान आहेस. माझ्या कधी वाजल्या नाहीत. लोकांचे हात रिकामे नसायचे, टाळ असायचे.”

ती हसली नाही. “एक बाई बोलणार होती. मी तिच्यावरून पुढे गेले.”

पलीकडे खुर्ची करकरली. बोलायला त्यांना किती कष्ट पडतात ते तिला माहीत होतं, प्रत्येक शब्द विहिरीतून काढल्यासारखा येतो. “परत उभी राहायचीयस ना?”

“दुपारी. पण ती नसेल. दुसरी माणसं असतील.”

“माणसं कायम दुसरीच असतात, सूनबाई.”

“आणि थांबले, आणि कुणी काहीच बोललं नाही तर? साहेब मागेच उभे असणार.”

“भीती वाटेल,” बुवा म्हणाले. “मला दर वेळी वाटायची. पाय लटपटायचे, धोतरात दिसायचे नाहीत एवढंच.” मग खोकला आला, आणि खोकल्याच्या मागून, “नाव घे देवाचं. आणि गप्प बस.” फोन नीट ठेवला गेला नाही. बराच वेळ तिला त्यांच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत राहिलं, त्यांचा श्वास, आणि एकदा चिपळ्यांचा अगदी बारीक आवाज. कदाचित शाल ओढताना हात लागला असेल. आपण इतकी वर्षं यांच्या घरात राहतो, तिला वाटलं, आणि यांना भीती वाटायची हे आज कळतंय. विचारलंच नव्हतं कधी. ते तिला विचारायचे, लांबलं का गं. तिने त्यांना काय विचारलं? हे कसं करता, ते कसं करता. जे वर्गात सांगता येईल तेवढंच.

दुसऱ्या पाळीचे लोक आधीच येऊन बसले होते. बातमी फाटकावरच पोचलेली, चेहऱ्यांवर ती वाचता येत होती. बातमीबरोबर दुसरीही एक बातमी पोचली होती. मॅडम काय बोलतात, ऐकाच, म्हणून. काहीजण तर सरसावून बसल्यासारखे दिसले. मोठे साहेब दाराशी होते, त्यांनी लांबूनच अंगठा दाखवला. तिने माइक घेतला. शेवटच्या रांगेकडे बघितलं, सवयीने, आणि मग मुद्दाम नजर खाली आणून सगळ्यांकडे बघितलं. विनोद केला नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी चुकून पुरुषांच्या खोलीत शिरल्याची गोष्ट, सकाळी जिच्यावर कँटीन हसून लोटपोट झालं होतं, ती सांगितली नाही. “वर्षअखेरीला हा कारखाना बंद होतोय,” ती म्हणाली. “हे ठरलंय. शिलाईतल्या काहींना दुसऱ्या गावी घेणार आहेत. कोणाला, ते ठरलेलं नाही.” दाराशी साहेब हलले. “कारखाना भिंतींचा...” तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं. “मला पुढचं बोलता येणार नाही. पुढचं तुम्ही बोला.” आणि ती थांबली.

पंखा करकरत होता. कुणाच्या तरी खिशात किल्ल्या वाजल्या. सगळे तिच्याकडे बघत होते, झुकून, वाट बघत. आता येईल, आता आवाज खाली येईल, आता ते वाक्य येईल. मनात तिने नाव घेतलं, लहानपणी अंधारात जिना उतरताना घ्यायची तसं. आणि मग पहिल्या रांगेतल्या एका भल्या माणसाला तिची दया आली असावी. बाई विसरल्या, त्याला वाटलं असेल, किंवा संपलं, वाटलं असेल. त्याने टाळी वाजवली. शेजाऱ्याने वाजवली. सगळ्यांनी वाजवल्या, सकाळसारख्याच, मनापासून, पावसाच्या सरीसारख्या मागपर्यंत. मोठ्या साहेबांनीही वाजवल्या, घाम पुसत, सुटल्यासारख्या, आणि हाताने खूण केली, या, खाली या.

ती उतरली नाही. माइक तिने छातीशी धरला. टाळ्या विरत गेल्या, शेवटची एक उगाचच वाजली आणि ओशाळून थांबली, तरी ती तिथेच होती. आता मात्र लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. साहेब दोन रांगांमधून पुढे यायला निघाले होते, खुर्च्या बाजूला करत, चेहऱ्यावर हसू टिकवत. ते अर्ध्यावर आले असतील, तेवढ्यात अगदी मागून, पाण्याच्या पिंपाजवळून, एक घोगरा, खरवडलेला आवाज आला. चामडं कापणारा कुणीतरी, वयस्कर, उभा राहायला भिंतीचा आधार घेणारा.

“अहो पण आपण टाळ्या कशाच्या वाजवल्या?”

तो तिला विचारत नव्हता. आजूबाजूला बघत आपल्याच लोकांना विचारत होता. कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. साहेब जिथे होते तिथेच थांबले. “खरंच की,” एक बाई म्हणाली. दुसरी उठली, “मॅडम, कोणाला घेणार ते ठरवणार कोण?” आणि तिच्या मागे तिसरा, बसूनच, “आणि कापणाऱ्यांचं काय? आम्ही काय नुसतेच...” आणि मग एकदम सगळेच. सूर इकडे, शब्द तिकडे, एकाचं ऐकू येईतो दुसऱ्याचं चढलेलं, खुर्च्यांचे पाय फरशीवर, कँटीन हलल्यासारखं. तिने माइक पुढे धरला. साहेब तिच्याकडे बघत होते आणि नव्या वर्षातलं एक टेबल कमी झालं हे त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. ते तिला दिसलं.

चौथ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर आता एक तरणा पोरगा उभा राहून काहीतरी ओरडत होता. खुर्चीच्या पायाशी चिकटपट्टीचा सोललेला, मळका, वळलेला तुकडा पडला होता, सकाळचा. ती त्या गलक्यात कान देऊन उभी राहिली. प्रत्येक आवाज ऐकत होती, मान हलवत नव्हती, मधे बोलत नव्हती. आणि सगळ्यांच्या खालून एक आवाज शोधत होती, ‘मग’ म्हणून थांबलेला, पलीकडच्या खोलीत विचारावं तसा. तो पहिल्या पाळीचा होता. पहिली पाळी केव्हाच घरी गेली होती.